वऱ्हाडांतून धक्क्यापर्यंत

आम्हां वऱ्हाडकरांचा व समुद्राचा संबंध तसा दूरचाच. आमच्या अमरावती जिल्ह्याचें पाणी मात्र दोन्ही समुद्रांस जाऊन मिळतें. पूर्णेचें पाणी तापींतून अरबी समुद्रास जातें, वर्धेचें गोदावरींतून बंगालच्या उपसागरास. पाणी जातें, माणसें घरीं राहतात. आमच्या घरांतील कित्येक वडील मंडळींनीं काशीची गंगा पाहिली, पण समुद्र पाहिला नाहीं. रामेश्वरास जाऊन आलेले असतील तेवढेच अपवाद.

अलीकडे ही स्थिति पालटत चालली आहे. मुंबईच्या बंदरांतून सहलीचीं मोठीं जहाजें सुटतात. २०२१ सालच्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजानें मुंबईहून गोवें, लक्षद्वीप अशा फेऱ्या आरंभिल्या, तेव्हांपासून ‘क्रूझ’ हा शब्द आमच्याकडील साठीशांतीच्या पंगतींतही ऐकूं येऊं लागला. २० सप्टेंबर २०२५ रोजीं बॅलार्ड पिअरवरील नव्या प्रवासी टर्मिनलचें उद्घाटन झालें. जहाजावर काय खावयास मिळतें, रात्रीं कोणते खेळ होतात, हें सांगणारे आतां गल्लोगल्लीं भेटतात. मला सांगावयाचें आहे तें जहाजावर चढण्यापूर्वींचें. वऱ्हाडांतील माणसानें त्या धक्क्यापर्यंत जावें कसें? प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आमच्या कुटुंबानें तो गेल्या पौषांत पुष्कळ पैसे घालवून सोडविला, आणि तोही निम्माच.

आमच्या घराण्याच्या आज दोन शाखा आहेत, एक अमरावतीस व दुसरी अकोल्यास. घरें दोन असलीं तरी कार्य एकच असतें. ह्या सहलीचा बेत निघाला तो आमच्या आत्यासाठीं. आत्या ८१ वर्षांची आहे. तीस वर्षें तिनें शाळेंत भूगोल शिकविला. अदनच्या आखातापासून बिस्केच्या उपसागरापर्यंतचीं सारीं नांवें तिला पाठ, पण जहाजांत पाऊल टाकलेलें नाहीं. सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळीं तिला आम्हीं विचारलें, “तुला काय हवें?” ती म्हणाली, “बॅलार्ड पिअरवरून बोटींत बसायचें आहे. कोठेंही गेली तरी चालेल.” हें उत्तर ऐकून मुलें हंसलीं, आम्ही वयस्क मंडळी हंसलों नाहीं. कारण बॅलार्ड पिअर हें नांव आमच्या घरांत फार जुनें आहे.

१९३७ सालीं आमचे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, विलायतेस शिक्षणासाठीं जावयाचे होते. तिकीट काढलें होतें. लोकरीचे कपडे शिवून झाले होते. बोट शनिवारीं दुपारीं सुटणार होती. बुधवारीं किंवा गुरुवारीं बडनेऱ्याहून निघावें, तर पणजोबांनीं पंचांग उघडलें आणि दोन्ही दिवस वर्ज्य ठरविले. आमच्याकडे अशा अडचणीवर एक जुना उपाय आहे, तो बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. चांगल्या मुहूर्तावर एका फडक्यांत तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून तें शेजाऱ्याच्या घरीं नेऊन ठेवतात. मग माणूस पुढें सोयीनें निघाला तरी चालतें. ह्याला ‘प्रस्थान ठेवणें’ म्हणतात. पणजीनें तेंच सुचविलें होतें. परंतु समुद्रयानास प्रस्थान लागू पडत नाहीं, असा शास्त्रार्थ पणजोबांनीं काढला. शुक्रवारच्या मुहूर्तावर आजोबा घरांतून निघाले, रात्रभर गाडींत बसले व शनिवारीं सकाळीं मुंबईस उतरले. धक्क्यावर पोंचले तेव्हां बोट समोरच उभी होती. वैद्यकीय तपासणी होऊन गेली होती, सामान चढून गेलें होतें, आणि उतारूंची यादी बंद झाली होती. दोन तास ते तेथें ट्रंकेवर बसून राहिले, आणि बोट त्यांच्यादेखत निघून गेली.

पुढें कर्ज काढून पुन्हा जाण्याइतकी ऐपत नव्हती. दोन वर्षांनीं युद्धच सुरूं झालें. आजोबा अमरावतीस शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले, सुखानें जगले. फक्त एक खोड त्यांना आयुष्यभर राहिली: गाडी कोणतीही असो, ते बडनेऱ्याच्या फलाटावर दोन तास आधीं जाऊन बसत. आम्ही नातवंडें त्यांच्याबरोबर असूं, आणि कंटाळून जात असूं. त्यांनीं ही गोष्ट आम्हांला कधींच सांगितली नाहीं. ती आत्यानें सांगितली.

पणजोबांना आज नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. समुद्रयान हें कलिवर्ज्यांत गणलेलें, आणि परत आलेल्यानें प्रायश्चित्त घ्यावें कीं नाहीं ह्यावर एका काळीं घरेंच्या घरें दुभंगलीं. ह्याच अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या सुटकेच्या खटपटीसाठीं १९०८ सालीं विलायतेस गेले आणि १९१० पर्यंत तेथें राहिले. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० सालीं उच्च शिक्षणासाठीं तिकडे गेले. म्हणजे १९३७ सालीं अमरावतीच्या ब्राह्मणास बोट अगदींच परकी नव्हती. परंतु एखादी गोष्ट गांवांत रूढ होणें निराळें आणि ती आपल्या ओसरीवर चढणें निराळें.

तर आत्याला बोटींत बसवावयाचें ठरलें. जहाज शनिवारीं संध्याकाळीं सुटणार होतें. दुपारीं तीन वाजतां प्रवेश बंद, असें कागदावर ठळक छापलेलें होतें. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आपल्याला लागलेली संवय आगगाडीची असते. गाडी सातची म्हणजे सातपर्यंत केव्हांही चढावें. जहाजाचें तसें नाहीं. चढलेल्या प्रत्येकाचें नांव यादींत लिहून ती यादी बंदराच्या अधिकाऱ्यांना आधीं द्यावी लागते. बंदराचा वाटाड्या, ज्याला पायलट म्हणतात, तो चढल्यावांचून एवढें मोठें जहाज हलत नाहीं, आणि त्याची वेळ ठरलेली असते. म्हणून जहाज सुटण्याची वेळ प्रवाशाच्या कामाची नव्हे. दार बंद होण्याची वेळ हीच त्याची वेळ.

मार्ग कोणता घ्यावा ह्यावर आमच्या घरांत पंधरा दिवस वाद चालला. माझा पुतण्या पुण्यास संगणकाच्या धंद्यांत आहे. त्याचा कल अर्थातच विमानाकडे. अमरावतीस आतां विमानतळ झाला आहे, हें खरें. १६ एप्रिल २०२५ रोजीं बेलोऱ्याहून मुंबईचें प्रवासी विमान सुरूं झालें. योगायोग असा कीं, १८५३ सालीं ह्याच तारखेस बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली होती. बेलोऱ्याची धांवपट्टी १८५० मीटर लांबीची. तेथें सत्तरएक आसनांचें, पंख्यांचें विमान उतरतें. पण तें रोज नसतें. आमच्या कामाच्या दिवशीं तें नव्हतें. अकोल्याची कथा ह्याहून निराळी. तेथील शिवणीची धांवपट्टी १९४३ सालची, म्हणजे बेलोऱ्याच्या विमानसेवेची आजीच म्हणावयाची; परंतु तेथून नियमित प्रवासी विमान नाहीं. अकोलेकरांना ह्या गोष्टीचें दुःख आहे, आणि तें रास्त आहे.

तेव्हां पुतण्यानें नागपूरचें विमान शोधलें. अमरावतीहून नागपूर दीडशें किलोमीटर. शनिवारीं पहाटे मोटारीनें निघावें, आठच्या विमानांत बसावें, साडेनऊच्या सुमारास मुंबईस उतरावें. “तीन वाजेपर्यंत पांच तासांहून अधिक वेळ हातांत राहतो,” असें त्यानें कागदावर मांडून दाखविलें. पश्चिमेस जाण्यासाठीं आधीं दीडशें किलोमीटर पूर्वेस जावयाचें, हें मला जरा चमत्कारिक वाटलें. पण हिशेब चुकीचा म्हणतां येईना.

अकोल्याचे अण्णा, माझे थोरले चुलत बंधु, ह्यांनीं तो कागद पाहिला आणि बाजूस ठेवला. ते म्हणाले, “आम्ही गुरुवारीं रात्रींच्या अमरावती एक्स्प्रेसनें निघतों. शुक्रवारीं सकाळीं बोरीबंदर. दिवसभर दादरला मावशीकडे. शनिवारीं जेवून बाराला धक्क्यावर.”

“अण्णाकाका, दीड तासाच्या प्रवासाला दोन दिवस?” पुतण्या म्हणाला.

“दोन दिवस प्रवासाला नाहींत रे. एक रात्र प्रवासाला, आणि एक दिवस उशिराला.”

आत्या आतांपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “मी अण्णाबरोबर जाणार.” आम्हीं तिला सांगून पाहिलें कीं, विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते, रात्रभर गाडींत तुझे गुडघे आंखडतील. ती ऐकेना. त्यांत पौष महिना, शेजारच्या काकूंनीं “पौषांत कशाला ग निघतां?” म्हणून विचारलेंच. आत्यानें काय केलें? बुधवारीं संध्याकाळीं एका रुमालांत तांदूळ, सुपारी व हळकुंड बांधून ती त्याच काकूंच्या देव्हाऱ्यापाशीं ठेवून आली. “हें घ्या प्रस्थान. मी काल निघालें असें समजा.”

येथें जरा थांबून अण्णांच्या मार्गाविषयीं चार शब्द लिहिले पाहिजेत. आमच्याकडील लोहमार्ग मुळांत कोणासाठीं झाला, ह्याचा आपल्याला विसर पडतो. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधीं नव्हे तो भाव आला. भुसावळहून अकोला, बडनेरा करीत हा मार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. १८७० सालीं खामगांवचा फांटा झाला, तो उघडण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा फांट्याला एवढा मोठा पाहुणा, तो केवळ कापसाच्या मोठेपणामुळें. पुढें यवतमाळ व अचलपूर येथून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांवर धांवणारी ‘शकुंतला’ झाली. तिचाही हेतु तोच. शेतांतून जिनांत, जिनांतून गाडींत, गाडींतून बोटींत, ह्या क्रमांत कोठेंही खंड पडूं नये अशी ती योजना होती. माणसें त्या रुळांवरून जाऊं लागलीं तीं गठाणींच्या मागून. म्हणून आमच्या गाड्या आजही जेथें थांबतात, तेथून धक्का हांकेच्या अंतरावर आहे. बोरीबंदर ह्या नांवांतच बंदर आहे. तेथील स्टेशनापासून, म्हणजे छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून, बॅलार्ड पिअर सुमारें दीड किलोमीटर. पायीं गेलें तरी वीस मिनिटांचा रस्ता. एके काळीं तर खुद्द बॅलार्ड पिअरवरच स्टेशन होतें, आणि विलायतेच्या बोटींतून उतरलेले साहेब तेथूनच पंजाबकडील डाकगाडींत चढत.

विमानतळाचें ह्याच्या उलट. तो शहराच्या दुसऱ्या टोंकास आहे. अंधेरीकडील विमानतळ ते बॅलार्ड पिअर हें अंतर पंचवीस किलोमीटरांच्या घरांत. आणि मुंबईचें अंतर किलोमीटरांत मोजून उपयोग नसतो. नागपूर ते मुंबई सुमारें सातशें किलोमीटर विमान दीड तासांत तोडतें, आणि पुढच्या पंचवीसांना कधीं एक तास लागतो, कधीं दोन. एखाद्या प्रवासांतील सर्वांत वेगाचा टप्पा किती वेळांत जातो ह्याचा हिशेब आपण फार उत्साहानें करतों. शेवटचा टप्पा किती वेळ खाईल, हें मात्र कागदाच्या खालच्या कोपऱ्यांत लिहितों.

शनिवारीं पहाटे तीन वाजतां आम्ही निघालों. मी, माझी पत्नी, थोरले बंधु, वहिनी, पुतण्या, त्याची बायको आणि दोन मुलें. सामानाचे नऊ नग. सोनेगांवच्या विमानतळावर साडेसहाला पोंचलों तेव्हां सारें यथास्थित होतें. साडेसातला कळलें कीं विमान अजून यावयाचें आहे, आणि जेथून तें यावयाचें तेथें दाट धुकें आहे. धुक्यास कोणी जबाबदार नसतो. आठाचे नऊ झाले, नऊचे दहा झाले. पुतण्या दर अर्ध्या तासानें आपल्या कागदावरील आंकडा खोडून नवा लिहीत होता. अकरा वाजून वीस मिनिटांनीं विमान उडालें. पावणेएक वाजून गेल्यावर आम्ही मुंबईस उतरलों. सामानाचा नववा नग पट्ट्यावरून येईपर्यंत दीड वाजला.

आतां तीन मार्ग समोर होते. पहिला भुयारी मेट्रोचा. ही तिसऱ्या क्रमांकाची मेट्रो आरे ते कफ परेड अशी साडेतेहतीस किलोमीटरांची, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालूं झालेली. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना तिचें स्टेशन आहे, आणि बोरीबंदर व हुतात्मा चौक येथेंही आहे. रस्त्यावरील गर्दीचा तिला उपद्रव नाहीं. दुसरा मार्ग पूर्वेकडून, चेंबूरहून निघणाऱ्या द्रुतगति उड्डाणरस्त्यानें थेट बंदराच्या कुंपणापाशीं उतरण्याचा. तिसरा पश्चिमेकडून, सागरी सेतु व किनारी रस्ता धरून मरीन ड्राइव्हला. शहाणपण पहिल्यांत होतें. परंतु नऊ नग, दोन मुलें, सरकते जिने, हें पाहून वहिनी म्हणाल्या कीं टॅक्सीच बरी. एका टॅक्सींत सर्व मावेनात, दोन केल्या. एका चालकानें पूर्वेचा रस्ता घेतला, दुसऱ्यानें पश्चिमेचा. दोघांचाही आपल्या रस्त्यावर पूर्ण विश्वास होता. आणि येथें आम्हीं जी चूक केली ती लहान मुलानेंही केली नसती: आठही माणसांचीं ओळखपत्रें व तिकिटें एकाच पिशवींत होतीं, आणि ती पिशवी माझ्या मांडीवर होती.

पश्चिमेच्या टॅक्सींत पुतण्या, त्याची बायको, मुलें आणि सहा नग. तीं तीनला दहा मिनिटें कमी असतां बरोबर दारावर हजर झालीं. हातांत एक कागद नाहीं. आमची टॅक्सी त्याआधींच, दोन चाळीसला, उड्डाणरस्ता उतरून बंदराच्या भिंतीपाशीं आलेली होती. परंतु ती भिंत फार लांब आहे. मुंबई बंदराच्या दरवाज्यांना रंगांचीं नांवें आहेत: ऑरेंज गेट, यलो गेट, रेड गेट, ग्रीन गेट. आमच्या कागदावर ग्रीन गेट लिहिलें होतें. मी चालकाला घाईंत म्हणालों, “गोदीच्या गेटवर घ्या.” गोदीचें जें पहिलें गेट आलें तेथें त्यानें गाडी उभी केली. तेथील शिपायानें पुढें जाण्यास सांगितलें. पुढें रस्त्याचें खोदकाम, मालमोटारींची रांग, आणि एकदां रांगेंत शिरल्यावर मागें फिरतां येईना. ग्रीन गेटवर पोंचलों तेव्हां तीन वाजून बारा मिनिटें झालीं होतीं. पुतण्या कुंपणापाशीं उभा होता. त्याच्याकडे पाहिल्यावर मीं पिशवी उघडलीच नाहीं.

दारावरचा अधिकारी तरुण होता आणि सभ्य होता. त्यानें आंत दूरध्वनि केला, उत्तर ऐकलें, आणि आम्हांला पाणी देवविलें. यादी गेली होती.

मग अण्णांचा दूरध्वनि आला. ते सर्व जण दोन वाजल्यापासून जहाजावर होते. त्यांच्या हातून यंत्र आत्यानें घेतलें. ती म्हणाली, “अरे, येथें विचारलें मीं. अजून शिडी लावलेली आहे. मी उतरतें. तुमच्यावांचून मी काय करूं येथें?”

आमच्या आठांपैकीं कोणीच बोलेना. तिला उतरूं द्यावें असें मला क्षणभर वाटलें, हें मी कबूल करतों. कारण सर्व तयारी आम्हीं केली होती आणि तिचें समुद्र पाहणें आम्हांला पाहावयाचें होतें. माझ्याआधीं पुतण्यानेंच यंत्र घेतलें. “आत्याआजी, तूं उतरूं नकोस. तूं उतरलीस तर त्या बोटीला आपल्या घरांतलीं माणसें दुसऱ्यांदा चुकलीं असें होईल. अण्णाआजोबा आहेत ना. तूं जा.”

पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ती म्हणाली, “बरें. मुलांनीं जेवलें का?”

त्या संध्याकाळीं आम्ही नऊ नगांसह अपोलो बंदरावर, गेटवेपाशीं जाऊन उभे राहिलों. बॅलार्ड पिअरहून निघालेलें जहाज तेथून दिसतें, असें टॅक्सीवाल्यानें सांगितलें होतें. दिवे लागल्यावर तें आलें, एखादी चाळ उचलून पाण्यावर ठेवावी तसें. आत्यानें सांगितलें कीं ती उजव्या बाजूच्या कठड्याशीं उभी आहे आणि हिरवी शाल हलवीत आहे. आम्हांला शाल दिसली नाहीं. मुलांनीं मात्र दिसल्याचें सांगितलें, आणि पुष्कळ वेळ हात हलविले.

भाड्याचे पैसे परत मिळाले नाहींत. तसें आधींच लिहिलेलें होतें. त्याविषयीं तक्रार नाहीं. तीन दिवस आम्हीं दादरला मावशीकडे काढले. त्या अवधींत पुतण्यानें व मीं मिळून हा सारा प्रवास कागदावर पुन्हा मांडला, ह्या खेपेस उलट्या बाजूनें, म्हणजे जहाजाच्या बंद दारापासून मागें मागें येत. ज्या वाचकांच्या घरीं असा बेत चालला असेल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून त्यांतील कांहीं भाग देतों.

वऱ्हाडांतून जाणाऱ्यास आगगाडी हाच पहिला पर्याय. अमरावतीहून संध्याकाळीं सुटणारी गाडी बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगांव घेत दुसऱ्या दिवशीं सकाळीं बोरीबंदरास सोडते. विदर्भ एक्स्प्रेसही ह्याच मार्गानें जाते. पण ती आदल्या दिवशीं पोंचणारी असावी. जहाजाच्या दिवशीं सकाळीं उतरून दुपारीं धक्का गांठणें हें आजोबांच्या मार्गानें जाणें होय. गाडी बहुधा वेळेवर येईल. तथापि पावसाळ्यांत व धुक्यांत ‘बहुधा’ ह्या शब्दाचा अर्थ बदलतो. बेलोऱ्याचें विमान ज्यांच्या दिवसांशीं जुळेल त्यांनीं तें अवश्य घ्यावें, विशेषतः गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनीं. तेंही एक दिवस आधीं. समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ पासून आमण्यापर्यंत पुरा झाला आहे, नागपूरपासून ७०१ किलोमीटर. मोटारीनें जाणारे त्याची फार स्तुति करतात. परंतु आमणें म्हणजे भिवंडीच्या जवळ. तेथून पुढें ठाणें आणि मुंबई आहेच. ज्या रस्त्याचें शेवटचें टोंक भिवंडींत आहे त्याच्या भरंवशावर बोटीची वेळ बांधूं नये.

आणखी एक गोष्ट नवी आहे आणि ती पुष्कळांस अजून अंगवळणीं पडलेली नाहीं. मुंबईला आतां दोन विमानतळ आहेत. उलव्याजवळचा नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालूं झाला. तिकिटावर कोणता लिहिला आहे तें चष्मा लावून वाचावें. नव्या विमानतळाहून बंदराकडे येण्यास खाडीवरचा अटल सेतु आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं उघडलेला, पावणेबावीस किलोमीटरांहून थोडा अधिक लांब. तो शिवडीस उतरतो, आणि तेथून पूर्वेचा उड्डाणरस्ता धक्क्याकडे आणतो. शिवडीच्या अलीकडेच कॉटन ग्रीन नांवाचें लोकलचें स्टेशन आहे. आमच्याकडील गठाणी एके काळीं तेथें येऊन पडत, हें मावशीच्या यजमानांनीं सांगितलें.

राहतां राहिलें ओळखपत्रांचें. प्रत्येकाचें त्याच्या त्याच्या खिशांत.

मंगळवारीं सकाळीं आम्ही सर्व जण ग्रीन गेटवर हजर होतों, जहाज लागण्याच्या दोन तास आधीं. शिपायानें आम्हांला ओळखलें आणि बसावयास बांक दाखविला. आत्या चाकांच्या खुर्चींतून बाहेर आली. तोंड उन्हानें रापलेलें, आणि पायांत अकोल्याच्या सुनेचे बूट. समुद्राविषयीं आम्हीं विचारूं लागलों तर ती म्हणाली, तें सगळें गाडींत सांगेन, आधीं बोरीबंदरला चला. गाडी रात्रींची होती. घड्याळांत सकाळचे दहा वाजले होते.